ओला नमदा

पोलीस ॲक्शनच्या त्या आठवड्यात काचीगुड्यातलं बर्फाचं दुकान बंद होतं. आमच्या बर्फाच्या पेटीत शेवटची लादी उरली होती आणि तिच्यावर बाबांच्या इन्सुलिनची बाटली. गार राहिलं नाही तर औषध वाया जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पेटीभोवती नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, बोटभर जाडीचा थर होता. एवढ्याशा थरावर आईचा भरवसा नव्हता. सुरईवरचं फडकं भिजवतात तसा तिनं तो नमदा भिजवला.

"आता बघ, कशी गारेगार राहते!"

कोरड्या लोकरीत अडकलेली हवाच उष्णता अडवते आणि पाणी शिरलं की ती निघून जाते, हे मी शाळेत इंग्रजीतून शिकले होते. मराठीत कसं सांगावं ते जुळवत मी म्हणाले, "आई, ते पाणी..."

"मड्डम, तुमचं शिकवणं आत्ता नक्को. अजून एक तांब्या आण."

मी आणला.

दुपारपर्यंत लादी वितळली. संध्याकाळी बाबांनी बाही वर सारली आणि मला विचारलं, "बाटली गार आहे ना गं?"

आई माझ्याकडे बघत होती. मी मान हलवून हो म्हटलं.