सर्व्हरची उत्तरपूजा

आईला माझं काम एका वाक्यात समजलं. शेठना ते अजून समजलेलं नाही, पण पगार तेच देतात, त्यामुळे तक्रार नाही.

मी कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कंपनीत सर्व्हर सांभाळतो. आदिलाबादच्या ऑफिसात मोठा सर्व्हर आहे. त्याच्या पोटात सॉफ्टवेअरने बनवलेल्या वेगवेगळ्या मशीन चालतात: कुठली वजनकाट्याची, कुठली शेतकऱ्यांचे नंबर लावणाऱ्या टोकनची. भैंसाच्या जिनिंगमध्ये दुसरा सर्व्हर आहे. इकडे जे बदलतं त्याची नक्कल दर थोड्या वेळाने तिकडे जाते. इकडचा मेला तर तिकडची नक्कल उठवायची आणि काम पुढे चालू. नक्कल नीट पोचते आहे का हे मी पडद्यावर बघत बसतो. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे मागे पडलं, लाल म्हणजे बोंबला.

"म्हंजे राखणच की," आई म्हणाली. "आमी लोकाच्या ज्वारीवरचे पाखरं हाकलत होतो, तू लाल रंग हाकलतं."

जैनथकडच्या आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. ज्यांनी शिकवलं, ज्यांनी बासरच्या इंजिनिअरिंग कॅम्पसपर्यंत पोचवलं, त्या सगळ्यांचं मी देणं लागतो. म्हणूनच ही नोकरी पक्की व्हायला हवी होती. शेठनी सांगून ठेवलं होतं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कापूस खरेदी सुरू होईल, पहिला दिवस अडथळ्याविना गेला तर मी पक्का. नाहीतर बघू.

दसऱ्याला घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. मीही जाणार होतो. पण शेठ म्हणाले, "तेरे घर में पूजा तो होती नहीं. फिर तू ही रुक जा." तर्कात खोट नव्हती. थांबलो.

सकाळी अकराच्या सुमाराला पडदा लाल झाला. भैंसाचा सर्व्हर गायब. तिथल्या जिनिंगचे म्हातारे मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांना फोन लावला.

"मामा, सर्व्हर बंद हाय का?"

"हाय ना. मीच केला. धुवाचा विचार होता, पर म्हटलं नाजूक हाय, फडक्यानं पुसला. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. लय ग्वाड दिसून राह्यला."

"मामा, तो बंद करत नाहीत!"

"काऊन? आज सगळ्या मशीनी बंद ठेवतात. गाठी बांधाचा प्रेस बंद, मोटर बंद. हा काय जावई हाय?"

"मग आता चालू करा."

"पूजा मांडली ना बे. आता उद्या मुहूर्तावर."

मी फोन ठेवला. एका दिवसाचा तर प्रश्न, मुख्य सर्व्हर माझ्या डोळ्यांसमोर धडधाकट होता. तेवढ्यात दार उघडलं. शेठ आत आले, एका हातात उदबत्ती, दुसऱ्या हातात नारळ. मी "शेठजी, पानी..." एवढंच म्हणालो. त्यांनी नारळ सर्व्हरच्या लोखंडी कडेवर हाणला. एका फटक्यात फुटला, शेठचा हात पहिल्यापासून चांगला. अर्धं पाणी वाटीत पडलं, अर्धं जाळीतून आत. चर्र आवाज झाला, जळका वास आला आणि सर्व्हरचे सगळे दिवे गेले.

शेठ शांतपणे म्हणाले, "जिनिंग की मशीन पर भी तो फोड़ते हैं. उसको आज तक कुछ नहीं हुआ." मग माझ्याकडे वळले. "कल खरीदी है. संभाल लेगा ना?"

मी परत मामांना फोन लावला. इकडचा सर्व्हर मेल्याचं सांगितलं. मामा हळहळले, पण हलेनात. देव बसवलेल्या मशीनचं बटन दाबायला त्यांचा हात धजत नव्हता. आणि खोलीची चावी त्यांच्याचकडे.

मला आमच्या गल्लीतला गणपती आठवला. "मामा, उत्तरपूजा करून टाका. अक्षता टाकायच्या, सुपारी जराशी सरकवायची. मग देव मोकळा, मशीन मोकळी."

"तू तं जयभीमवाला ना बे? तुले हे कोनं शिकवलं?"

"विसर्जनाला दरवर्षी ट्रॅक्टरवर मीच लाइट लावतो, मामा. ऐकू येतं."

"बरं. मंत्र?"

मला शेवटचे दोनच शब्द येत होते. मोबाइल कानाला, समोर मेलेला सर्व्हर, त्याखाली नारळपाण्याचं थारोळं, आणि मी मोठ्याने म्हणालो, "पुनरागमनाय च." देवाने परत यावं म्हणून म्हणतात हे. रीस्टार्टसाठी यापेक्षा नेमकं काही मला आजवर सापडलेलं नाही. तिकडून बटनाचा आवाज आला, पंखे घुमले आणि मामा ओरडले, "हार काढू का राहू देऊ? उडून राह्यला!"

"काढा, मामा, आधी तो काढा!"

नक्कल उठवून मी घाईघाईने टोकनं तपासली. मामांनी सर्व्हर बंद केल्यानंतरचं काहीच तिथे असणार नव्हतं. मग लक्षात आलं की तेव्हापासून कोणी टोकन दिलेलंच नव्हतं. टोकनवाला बाबूही घरी गाडी धुऊन तिची पूजा करत होता. ज्या पूजेने नक्कल बंद पाडली, तिनेच ती शिळी होऊ दिली नाही. यात कंपनीचं नियोजन शोधू नका.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी ट्रॅक्टर लागले, काटा चालला, टोकनं निघाली. संध्याकाळी शेठनी बोलावलं. "पक्का," ते म्हणाले आणि माझ्या हातावर प्रसाद ठेवला. त्याच नारळाचा. मी खाल्ला. चांगला गोड होता.

यंदाच्या दसऱ्याला मी पडद्यासमोरून उठलो नाही. अकरा वाजून गेले तरी हिरवंच. मग मामांचा फोन आला.

"चालू ठेवूनच पूजा केली बे. हार टेबलाला घातला. अन् नारळ?"

"नारळाचं काय, मामा?"

"शेठ इकडं आले होते. मी दाराला कुलूप लावून ठेवलं."