वरचा तुकडा

आमच्या दुकानाला पाटी नाही. धामणकर नाक्यावर उतरून गोधडीचं कापड कुठे मिळतं म्हणून विचारलं, की कुठलाही रिक्षावाला मागच्या गल्लीकडे बोट करतो. लूमवर कापडाचा तागा संपताना उरलेले तुकडे, छपाईत रंग फिसकटलेलं कापड, शर्ट शिवणाऱ्यांकडची उरलीसुरली कापणी, असा सगळा माल आम्ही किलोवर विकतो. दुकान सासूबाईंनी सुरू केलं. सासरे लूमवर कामाला होते, तिथले तुकडे त्या घरी आणून निवडायच्या आणि ओट्यावर मांडून बसायच्या. त्यांचे गुडघे गेले तेव्हा मी शाळेतली कारकुनी सोडून गल्ल्यावर बसले. त्या मात्र घरी बसल्या नाहीत. काट्याशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून रोज हजर.

खुर्चीवर बसून त्यांना एकच काम होतं, ते म्हणजे वरचा तुकडा देणं. गिऱ्हाइकाचं कापड तोलून झालं, काट्यावरून उचललं, की गाठोडं बांधायच्या आधी सासूबाई त्यावर एक तुकडा ठेवायच्या. तो तोलायचा नाही आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. त्यांच्या माहेरी, अंजूरला, बाळाच्या गोधडीत एक तरी तुकडा कुणी दिलेला असावा असं मानतात. सगळंच विकतचं पोराच्या अंगावर घालायचं न्हाय, असं त्या सांगायच्या. पिवळा देऊ की हिरवा, फुलाफुलांचा की पट्ट्यांचा, अशी चर्चा चालायची, आणि तेवढ्यात त्या समोरच्या बाईचं माहेर, सासर, कितवं बाळंतपण, सगळं काढून घ्यायच्या. हा तुकडा गोधडीच्या मधोमध लागायचा. कित्येक घरांत त्याला ‘दुकानाचा तुकडा’च म्हणतात.

मग भाव वाढायला लागले. सूत महागलं, वीज महागली. आमच्या मागच्या शेडमधल्या सेठने लूम भंगारात काढले, आणि ज्या खडखडाटाला मी लग्न झाल्यापासून शिव्या देत होते तो एका आठवड्यात बंद पडला. आता दुपारी तिथे इतकं सामसूम असतं की मला झोप येते आणि झोपेचाही राग येतो. जे लूम चालू आहेत त्यांचे तुकडे मशीन पुसायचं कापड करणारे लॉटच्या लॉट उचलतात. माझे यजमान दापोड्याला गोदामात कारकून आहेत, ते सांगतात की तिथे चिंधीच्या गासड्या छतापर्यंत रचलेल्या असतात. ज्या चिंधीला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, तिच्यासाठी मला आता फोनवर लोकांची मनधरणी करावी लागते. मनधरणी हा माझा स्वभाव नाही, हे घरातलं कुणीही सांगेल.

पहिल्यांदा भाव वाढवला तेव्हा मी सासूबाईंना सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली, आणि त्या दिवसापासून एकाऐवजी दोन तुकडे द्यायला लागल्या.

“आई, असं कसं चालेल?” मी म्हटलं.

“भाव वाढवलास ना? मग त्यांना कमी पडतंय, दिसत न्हाय काय तुला?”

पुढच्या वाढीला तीन झाले. मी एका हाताने घेत होते ते त्या दुसऱ्या हाताने वाटून टाकत होत्या. या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तेव्हा मी ठरवलं, यापुढे भाव वाढला तरी त्यांना कळू द्यायचं नाही.

ते अवघडही नव्हतं. मोतीबिंदूमुळे काट्यावरचे लाल आकडे त्यांना दिसत नाहीत. भाव मी तोंडाने सांगणंच बंद केलं. हिशेबाचं मशीन गिऱ्हाइकापुढे धरायचं, डोळ्याने सासूबाईंकडे खूण करायची, की नेहमीच्या बायका समजून गप्प बसायच्या. नव्या बाईला रांगेतली जुनी बाई बाहेर नेऊन समजावायची. अशी सगळी गल्लीच माझ्या कटात सामील झाली. भाव उतरून पुन्हा पहिल्यासारखा झाला असं मी सासूबाईंना एकदा सांगून टाकलं, आणि तीनाचा पुन्हा एक तुकडा झाला. सासूबाईंच्या डोक्यात जुनाच भाव होता, त्यामुळे त्या बायकांना खुशाल दटावायच्या. “एवढ्याशात पोराचे पाय तरी झाकतील काय? अजून घे. कापड काय सोन्याचं हाय?” बायका हसून म्हणायच्या, पुढच्या वेळी नेते. मलाही हसू यायचं. त्या खुर्चीत खूश आहेत, एवढं मला पुरे होतं.

गेल्या थंडीत अंजूरची त्यांची बालमैत्रीण आली. ती वर्षानुवर्षं लोकांच्या गोधड्या शिवून द्यायची आणि आमच्याकडून भलं मोठं गाठोडं न्यायची. या खेपेला तिने नातीच्या बाळापुरतं कापड काढलं, एका हातात मावेल एवढं.

“एवढंच?” सासूबाई म्हणाल्या. “बाकीच्या गोधड्या काय हवेच्या शिवणार?”

“आता कोणी शिवून घेत न्हाय, ताई. बाजारातनं मऊ चादर आणतात. माझी गोधडी त्याच्याहून महाग पडते.”

“चिंध्यांची गोधडी महाग?”

तिने माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईने कापड तोललं आणि मशीन तिच्यापुढे धरलं. सासूबाईंनी मांडीवरून पिवळ्या फुलांचा तुकडा उचलला, तिच्यासाठी सकाळपासून बाजूला ठेवलेला.

“राहू दे, ताई. घरी हाय माझ्याकडं.”

“घरचा वेगळा. हा दुकानाचा.”

“न्हाय, खरंच नको. तुमालाबी परवडाया पायजे.”

सासूबाईंचा हात तसाच पुढे राहिला. त्यांच्या हातातला तुकडा आजवर कुणी नाकारला नव्हता. मग त्यांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे तोंड वळवलं.

“भाव काय लावतेस गो तू?”

खोटं बोलायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मैत्रिणीसमोर बोलवलं नाही. मी खरा भाव सांगितला. त्यांच्या वेळच्या चौपट होता.

“आन मी सगळ्यांना दटावत बसले,” त्या म्हणाल्या, “एवढंसंच नेता म्हणून.”

“आमाला राग न्हाय आला कधी,” मैत्रीण म्हणाली. तिने सासूबाईंचा दंड जरा दाबला, पैसे दिले आणि शेअर रिक्षा भरायच्या आत गाठायला निघाली. त्यानंतर ती आलेली नाही. अंजूरची कुणी आली तर मी विचारते, आणि ती आता शिवत नाही असं कळतं.

मला सासूबाईंना काहीतरी सांगायचं होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं, असलं काहीतरी. पण वाईट तर वाटलंच होतं, आणि तेही गिऱ्हाइकासमोर. इतके महिने मी ज्याला त्यांची खुशी समजत होते, ती आठवून आता त्यांना शरम वाटणार होती. मी उगीचच तुकड्यांचे ढीग सारखे करत राहिले.

थोड्या वेळाने एक लूम कामगाराची बायको आली, पोटुशी. तिने निवडलेलं कापड मी काट्यावर ठेवलं. सासूबाईंनी सवयीने विचारलं, “कौनसा अच्छा लगता?” मांडीवरच्या तुकड्यांपैकी तिने तो पिवळाच दाखवला. सासूबाईंनी तो उचलला, बोटांनी त्याच्या सुरकुत्या सरळ केल्या, आणि मी कापड खाली घ्यायच्या आत चाचपडत काट्यावर ठेवला.

“तोल गो,” त्या म्हणाल्या. “आन किती झाले ते मोठ्यानं सांग.”