माझे वाकडे पाय आणि डॉक्टरांचा रोबोट

गुडघे गेले की माणूस बसतो. बसला की बोलतो. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात आम्ही असे बरेच बसलेले होतो, त्यामुळे किस्से साठायला वेळ लागला नाही. मी फार बोलत नाही. पण ऐकलेलं विसरतही नाही.

आधी माझं सांगतो. कुंभारीच्या पुढे माझी मेंढरं. संध्याकाळी वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभं राहून ती मोजून आत घ्यायची. हे काम मालकाचं. दुसऱ्यानं करायचं नाही. माझे पाय बाहेरच्या अंगाला इतके वाकलेले, की मी मोजायला उभा राहिलो की कोकरं सरळ माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या मधून आत पळायची.

पुढे उभंच राहवेना. मुलगा म्हणाला, "आबा, मालकालाच मोजता येत न्हाय, तर कळप कशाला ठेवायचा? मोहोळचा व्यापारी तयार हाय. इकून टाकू."

"आन् मी उभा राहिलो तर?"

"मग न्हाय इकत."

झालं. दवाखाना गाठला.

*

डॉक्टर तरुण. पायांचा सीटी स्कॅन काढला आणि कॉम्प्युटरवर माझीच हाडं मला दाखवली. फिरवली, उलटी केली, वर केली, खाली केली.

मी म्हणालो, "डॉक्टर, खरा पाय इतका फिरला असता तर मी हितं आलो असतो व्हय?"

डॉक्टर हसले. बायको हसली नाही. ती पडद्याजवळ गेली, माझ्या हाडांचा बाक नीट बघितला आणि म्हणाली, "लग्नाच्या आधी ह्यो फोटो दाखवायचा हुता की!"

*

पाय किती सरळ करायचा, हे ऑपरेशनच्या आधीच कॉम्प्युटरवर ठरतं; मग रोबोटच्या मदतीनं हाड कापून नवा गुडघा बसवतात. डॉक्टर म्हणाले, "आबा, थोडा बाक ठेवला तरी चालेल. जन्माची सवय आहे तुमच्या पायांना."

मी म्हणालो, "ठेवू नका. लोकांनी मला लई वर्षं वाकडं बघितलंय. आता सरळ बघू द्या."

त्यांनी पडद्यावर आकडे मागंपुढं केले. बराच वेळ बघितलं. "जमतंय," म्हणाले.

*

शेजारच्या खाटेवर नरसय्या. चादरी विणणारा, घरचे माग. रोबोट म्हणजे पत्र्याचा माणूस असेल, दोन हात, दोन डोळे, असं त्याला वाटलेलं. डॉक्टरांनी फोटो दाखवला. नुसता एक लांब हात!

नरसय्यानं एकच प्रश्न विचारला. "धागा तुटला की माझा माग आपोआप थांबतो. तुमचा?"

"आखलेल्या जागेच्या बाहेर गेला की हाही थांबतो. पुढे कापत नाही."

"मग करा."

ऑपरेशननंतर त्यानं हट्ट धरला, आधीचं कॉम्प्युटरचं चित्र आणि नवा एक्सरे शेजारी शेजारी लावून दाखवा. चष्मा लावला. चादरीची नक्षी तपासतात तसं, या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितलं. 

मग चष्मा काढून म्हणाला, "डिझाइनला मिळतंय. माल पास!"

*

पलीकडच्या खोलीतली खातूनचाची त्याच्याही पुढची. स्ट्रेचरवर निजली, आत न्यायची वेळ झाली, आणि तिनं डॉक्टरांचा हात धरला.

"मेरे पोट्टे का मोबाइल घडी घडी अटकताय. तुम्हारा ये कंप्यूटर अटक गया तो?"

"तो मैं हाथ से करूंगा, चाची. पहले हाथ सेइच करते थे."

चाचीनं विचार केला. "हौ? फिर कायकू डरना! वो अटक्या तो तू है. तू अटक्या तो वो है. चलो!"

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून ती आमच्या दारापर्यंत चालत आली. आमची चौकशी करायला नव्हे. आपण चालतो हे दाखवायला.

*

माझी पाळी आली. सकाळी डॉक्टर पेन घेऊन आले आणि माझ्या पायांवर खुणा करू लागले.

मी विचारलं, "ह्यो रंग कशाला?"

"चूक होऊ नये म्हणून."

मी म्हणालो, "आमी असा रंग खाटकाकडं धाडायच्या मेंढराला लावतो."

डॉक्टरांचा हात थांबला. मग ते म्हणाले, "आबा, तुम्हाला परत आणायचंय. म्हणून तर खूण!"

उत्तर बरं होतं. मी दुसरा पाय पुढं केला.

*

घरी आलो. व्यायाम केला. आधी वॉकर सुटला, मग काठी सुटली. काठी सुटली त्याच संध्याकाळी मोहोळचा व्यापारी दारात. मुलानंच बोलावलेला. आबांच्यानं होत नाही, अशी त्याची खात्री! व्यापारी चपला काढून बाजेवर बसला. त्याला चहा दिला.

मी उठलो. वाघरीच्या तोंडाशी गेलो आणि पाय जुळवून उभा राहिलो. मेंढरं आली. एकेक मोजून आत घेतली. मुलगा बघत होता. व्यापारी बघत होता.

सगळ्यात शेवटी एक कोकरू राहिलेलं. ते धावत आलं, आपल्या नेहमीच्या वाटेनं, आणि धाडकन माझ्या गुडघ्यांवर आपटलं. मागं सरलं. पुन्हा आलं. पुन्हा आपटलं. मी हललो नाही. कोकरू मान वर करून माझ्या तोंडाकडं बघत उभं राहिलं.

चुलीपासून बायको ओरडली, "तितनं न्हाय रं बाळा! डॉक्टरनं दार बंद केलंय!"

व्यापाऱ्यानं अर्धा चहा खाली ठेवला आणि बाजेखाली चपला शोधायला लागला.