पाट लागला का?

एवढी वर्षं झाली, त्या कचेरीतले लोक गेले, साहेब गेले, राज्य गेलं, आता कशाला तोंड सोडतेस, असं माझ्या घरचे म्हणतात. पण मला राग येतो. आधी स्वतःचा येतो, मग बाकीच्यांचा. हा क्रम मी कधी बदललेला नाही.

माझे वडील अमरावतीला वकील होते. मी मॅट्रिक झालेले, लग्न लांबलेलं, अक्षर चांगलं. लढाई संपत आली तेव्हा फौजेत गेलेल्यांच्या घरच्या बायका आमच्या बैठकीत येऊ लागल्या. पुरुषांसमोर त्या धड बोलत नसत, म्हणून त्यांचे पेन्शनीचे फॉर्म भरायचं काम वडिलांनी माझ्यावर टाकलं. फॉर्म इंग्रजीत असायचा. मी विचारायचे, त्या सांगायच्या, मी लिहायचे आणि खाली त्यांचा अंगठा घ्यायचे. मोठं पुण्याचं काम करतेय अशा थाटात मी बसायचे. आल्यागेल्यांकडून कौतुकही व्हायचं.

ती मोर्शीकडच्या एका गावची, शेतकरी घरातली. नवरा ब्रह्मदेशात लढाईत कामी आला होता. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. बरोबर मुलगी होती, अकरा वर्षांची. चौथी पास झालेली आणि आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्यानं वाचत बसलेली. गावात पुढची शाळा नव्हती. शिपायाच्या मुलीला अमरावतीच्या मुलींच्या शाळेत फी माफ आणि बोर्डिंगात जागा मिळत होती. शाळेच्या बाईंनी सांगितलं होतं की पेन्शनीचा कागद आणा, तोवर जागा राखून ठेवते. म्हणजे सगळं त्या एका फॉर्मवर होतं.

ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी तिला अगं-तुगं करत होते, ती मला बाई म्हणत होती.

फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता. मी तो आमच्या पुस्तकी मराठीत विचारला, "तुझा पुनर्विवाह झाला आहे का?" ती नुसती बघत राहिली. मग मला तिचा शब्द आठवला. आमच्यासारख्या घरांत विधवेचं दुसरं लग्न हा व्याख्यानमालेचा विषय. त्यांच्याकडे विधवेचा पाट लावतात, साध्या रीतीनं, वाजंत्री न लावता, आणि ती बाई पुन्हा घरदार करते. तिचा शब्द आपल्याला माहीत आहे याचाच मला आनंद झाला. मी विचारलं, "पाट लागला का तुझा?"

"लागला ना, बाई."

मी फॉर्ममध्ये 'येस' लिहिलं. वर मनात म्हटलंसुद्धा, वर्ष होत नाही तोवर दुसरा केला का हिनं? कोणाशी, कधी, हे विचारावंसं मला वाटलं नाही. माझी शाई वाळायच्या आत तिनं अंगठा उठवला.

चार महिन्यांनी उत्तर आलं. विधवेनं पुनर्विवाह केल्यामुळे तिचा हक्क राहिला नाही, एवढंच त्यात होतं. वडिलांनी तिला कागद वाचून दाखवला. पाट लावलास म्हणून पेन्शन नाही, असं तिच्या भाषेत समजावलं. ती भिंतीला टेकून उभी होती.

"ज्याच्याशी पाट लागला तोच तं मेला, वकीलसाहेब," ती म्हणाली.

आतल्या दारात मी उभी होते. तिचं पहिलं लग्न पाळण्यातून उतरल्याबरोबर अकोल्याकडे हिवरखेडला लागलं होतं. तो पोरगा पटकीत गेला. ती मोठी झाल्यावर या शिपायाशी तिचा पाट लागला. पाट म्हणजेच तिचं लग्न. मी विचारलं ते पुढचं, तिनं सांगितलं ते मागचं. आणि ती खोटं बोललीच नव्हती.

चूक माझी आहे, तसं कळवा, असं मी वडिलांना म्हटलं. वडील वाईट नव्हते, पण वकील होते. त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि मजकूर सांगितला: अर्जदार अडाणी असल्यामुळे तिला प्रश्न समजला नाही. तोही कागद माझ्याच चांगल्या अक्षरात गेला. प्रश्न कोणाला समजला नव्हता हे त्या खोलीतल्या दोघांना पक्कं ठाऊक होतं. मी लेखणी खाली ठेवायला हवी होती. ठेवली नाही.

मग कॅम्पातल्या पेन्शनीच्या कचेरीत खेपा सुरू झाल्या. तिथला हेडक्लार्क पान चघळत म्हणाला, बाईच्या अंगठ्यावर 'येस' आहे, त्याचा मी 'नो' कसा करू? पुढच्या खेपेला त्याला नवीनच सुचलं. पाटाची असेल तर पहिला नवरा तेव्हा मेलेला होता कशावरून? तो जिवंत असेल तर ही शिपायाची बायकोच नव्हे. त्याचा दाखला आणा. हे तो तिच्यासमोर, चार शिपायांच्या देखत, हसून बोलला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भरतीच्या वेळी त्या माणसाची छाती मोजली, दात बघितले, आणि बायकापोरांची काळजी सरकार घेईल असं गावोगाव सांगत फिरले. बायको लग्नाची की पाटाची, हे तेव्हा एकानं विचारलं नाही. तो मेल्यावर मात्र सगळ्यांना शास्त्र आठवलं.

पहिल्या नवऱ्याचं नाव काय, म्हणून क्लार्कनं विचारलं. तिला ते माहीत नव्हतं. तिनं त्याला नीट पाहिलंही नव्हतं. यावर तो आणखी हसला.

वडिलांच्या मुनशीबरोबर आम्ही दोघी बडनेऱ्याहून अकोल्याला गेलो, तिथून मोटारीनं आणि शेवटी बैलगाडीनं हिवरखेड. आगगाडीतच मी तिला सगळं सांगितलं. फॉर्म मी चुकीचा भरला, अडाणी तुम्ही नव्हता. तिला 'तुम्ही' म्हणायची माझी ती पहिली वेळ. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मले तवाच समजलं," ती म्हणाली. "पण तुमाले काहून बोलू? पुढचा कागद बी तुमालेच लिवा लागते."

तिनं रागावायला हवं होतं. मला ते सोसलं असतं. रागावणंसुद्धा तिला परवडत नव्हतं, हे मला सोसलं नाही.

पाटलाला सांगायला नाव नाही, साल नाही. फक्त मोठी पटकी आली ते वर्ष. दोन दिवस जन्ममृत्यूची रजिस्टरं चाळली तेव्हा तिच्या त्या सासरच्या आडनावावरून एका ओळीत तो पोरगा सापडला. वय वर्षं दहा. तिनं नाव विचारलं, मुनशीनं वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि पदर सारखा केला.

त्या दाखल्यानंतरही कचेरीनं आम्हाला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. एक सही साहेबाची, एक तहसिलीची, साहेब दौऱ्यावर, मग फाइल नागपूरला. पेन्शन मंजूर झाली तेव्हा पहिल्या अर्जाला तीन वर्षं होत आली होती. शाळेच्या बाईंनी एक वर्ष जागा राखली, पुढे त्यांचाही इलाज नव्हता. मुलीचं लग्न धामणगावकडे होऊन गेलं होतं. मंजुरीचा कागद घ्यायला आई एकटीच आली.

तरीही ते संपलं नाही. विधवा हयात आहे आणि तिनं पुनर्विवाह केलेला नाही, असं दरवर्षी कचेरीत हजर राहून लिहून द्यावं लागे. पहिल्या वर्षी मी तिच्याबरोबर गेले. हेडक्लार्कनं मान वर न करता विचारलं, "पाट लागला का?"

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. साहेब, असं विचारू नका, शिपाई गेल्यावर पुन्हा पाट लागला का असं विचारा, एवढंच मला सांगायचं होतं. पण तिनं माझा हात दाबला.

"नाई लागला," ती म्हणाली.

त्यानं लिहिलं, तिनं अंगठा दिला. आम्ही बाहेर निंबाखाली आलो. तिनं अंगठ्याची शाई झाडाच्या बुंध्याला पुसली.

"त्याच्याच नावाचा कागद घ्याले या लागते," ती म्हणाली, "अन् त्याच्याशी माया पाटच लागला नाई म्हून सांगा लागते."

मोर्शीची मोटार यायला अवकाश होता. तोवर आम्ही तिथंच उभ्या राहिलो. पुढं ती जगली तितकी वर्षं त्या कचेरीत जाऊन तिनं तेच सांगितलं.