मागच्या सीटवर बसवलेली धावपटू

"मले का मालूम? पायाइले विचारा."

कोणी काहीही विचारलं की ती हेच म्हणायची, आणि म्हणता म्हणता उजव्या पायातली चप्पल काढून अंगठ्यानं जमीन उकरायची. जणू पाय आता खरंच तोंड उघडणार आहेत. एवढी जोरात कशी धावतेस? पायाइले विचारा. इंग्रजीत नापास कशी झालीस? पायाइले विचारा. लगन कधी करतेस? एवढं विचारलं की मात्र चप्पल परत पायात जायची आणि पाय तिला घेऊन निघून जायचे.

माझं अर्जुनीला फ्लेक्सचं दुकान आहे. मी छापल्याशिवाय या तालुक्यात कोणी जन्मत नाही, बोहल्यावर चढत नाही आणि मरतही नाही. मागे एक म्हातारा चार दिवस मरायचा थांबला होता, माझं मशीन बिघडलं होतं म्हणून. तेव्हा माणसांचे चेहरे मी किती पाहिले असतील, तुम्हीच विचार करा. पण चेहऱ्याआधी ज्याचे पाय आठवतात असं माणूस एकच.

नवेगाव बांधची पोरगी. पहाटे तळ्याच्या पाळीवरून धावायची, मग कॉलेजला यायची. थंडीत त्या तळ्यावर दूरदेशची पाखरं उतरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातल्या एका थव्यानं तिला पाळीवरून जाताना पाहिलं आणि शरमून पुढचा प्रवास पायी केला. बरं, ते सोडा. एकदा ती नवेगावाहून थेट माझ्या दुकानापर्यंत धावत आली. बाकावर बसली, पाणी प्याली, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग दारातून काहीतरी काळं सरपटत आत आलं. पाहतो तर तिची सावली. वाटेत मागे पडली होती बिचारी. धापा टाकत होती. मी तिलाही पाणी पाजलं.

हसू नका. आपल्या इकडच्या प्रतापगडच्या डोंगरावरच्या यात्रेतली शर्यत ज्यांनी पाहिली त्यांना विचारा. ती पायथ्याहून निघाली तेव्हा लोक प्रसादासाठी रांगेत उभे होते. प्रसाद हातात पडायच्या आत ती वर जाऊन परत त्याच रांगेत उभी. पुढचा माणूस तिला म्हणाला, ओ बाई, मधात घुसू नका.

तिचा बाप ठेक्यानं धानाची शेती करायचा. सरळ माणूस, शब्दाचा पक्का, आणि तोच त्याचा दोष. पोरगी विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिली आली तेव्हा बाप दुकानात बसून माझ्यासमोर तिला म्हणाला, "हे पाय पोट भरतीन का? भरतीन तं धाव. तीन वर्स धाव, मी कोनाचं आयकत नाही. नाही भरले तं औंदा लगन." तिनं मान हलवली. अंगठ्यानं जमीन उकरली नाही. माझ्या दुकानातली फरशी तशीही पक्की होती.

आणि त्याच महिन्यात गोंदियाचे मोटारसायकलच्या शोरूमवाले सेठ आले. त्यांना जाहिरातीसाठी कॉलेजातले दोन खेळाडू हवे होते. एक पोरगा, एक पोरगी. पोरगा त्याच कॉलेजचा, कबड्डीचा कप्तान. मांड्या अशा की बसमध्ये दोन तिकिटं काढायचा. पोरगी ही. सेठ म्हणाले, दोनों हमारे जिले की शान हैं. बापाच्या कानावर ही बातमी गेली तेव्हा त्यानं माझ्या दुकानात येऊन चहा पाजला. स्वतःच्या पैशानं. तुम्ही त्याला ओळखत नाही, म्हणून हे काय झालं ते तुम्हाला कळणार नाही.

मी जन्मात काढलं नाही असं फ्लेक्स काढलं. ती पुढे, केस उडालेले, पाय जमिनीला न लागलेले. मागे लाल मोटारसायकल, तिच्यावर तो कप्तान, दात ओठ खाऊन. वर मजकूर: 'हिला गाठायचं असेल, तर हीच गाडी घ्या.' सेठनी पाहिलं, खूप हसले, माझ्या पाठीवर थाप दिली. मग म्हणाले, "लडकी आगे और गाडी पीछे? तो मेरी गाडी लेगा कौन?"

मग त्यांनी सांगितलं ते मी केलं. तिला उचललं आणि मागच्या सीटवर बसवलं. एका बाजूला पाय घेऊन. तिचा धावायचा पोशाख तिथे शोभेना. एका लग्नाच्या फ्लेक्समधली नवरीची ओढणी कापून तिच्या खांद्यावर टाकली. दात ओठ खाणारा कप्तान आता हसायला लागला. नवेगावपासून देवरीपर्यंत, कोहमाऱ्याच्या चौकापासून गोंदियाच्या स्टेशनापर्यंत ती दोघं लागली. दोघांचे चेहरे सारख्याच मापाचे. शाईसुद्धा दोघांना सारखीच लागली.

ती एकदा येऊन आपल्याच फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "काका, मी तं धावून रायली होती. बसवलं काऊन?"

मी म्हटलं, सेठचं काम आहे बाई.

"मी कधी कोनाच्या मागं बसली नाही," ती म्हणाली. मग लगेच, "पन पैसे येतीन ना?"

दसऱ्याला शोरूमसमोर मांडव पडला. कप्तानाला स्टेजवर बोलावलं, गाडीची किल्ली दिली आणि वर्षभर दर महिन्याला मानधन मिळेल असा करार सगळ्यांसमोर वाचून दाखवला. टाळ्या. मग हिला बोलावलं. कुंकू लावलं, साडी दिली, नारळ दिला आणि एक प्रेशर कुकर दिला. त्याहून जोरात टाळ्या. आपल्याकडे पोरीचा सत्कार झाला की बायाबापड्यांचे डोळे भरून येतात, हे तुम्ही पाहिलंच आहे. तिच्या बापाचेही भरले होते. पण तो टाळ्या वाजवत नव्हता. पुढचं काही असेल म्हणून वाट पाहत होता.

पुढचं काही नव्हतं. माइक तिच्यासमोर होता. तिनं कुकर खाली ठेवला आणि अगदी साधं विचारलं, "सेठजी, माझा करार?"

मांडवात हशा पिकला. पोट्टी चाबरी हाय, कोणीतरी म्हणालं. सेठही हसले. वाईट माणूस नव्हता तो, हीच तर पंचाईत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू तो बेटी है हमारी. बेटी को तनखा थोडे देते हैं. बेटी को तो साडी देकर बिदा करते हैं."

एवढ्या टाळ्या मी निवडणुकीत पैसे वाटूनही ऐकल्या नाहीत. तिनं कुकर उचलला. बाप मांडवाच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता.

इथवर असतं तरी चाललं असतं. बाप म्हणाला, एक साल आणखी पाहू, दुसरा कोणी सेठ येईल. तो शब्द मोडायला तयार झाला होता. हे त्याच्यासाठी किती अवघड होतं ते माझं मला ठाऊक.

पण आपल्या झाडीपट्टीत फ्लेक्सवर पोरगा आणि पोरगी शेजारी कधी दिसतात? लग्न असलं की. दुसरं तिसरं कारण नाही. आणि खाली मजकूर कोण वाचतो? दसऱ्यानंतर आठवडा गेला नसेल, तिची आत्या चिचगडहून बसनं उतरली. हातात नवं पातेलं, पातेल्यात तांदूळ, तांदळावर लुगडं. दारातूनच तिनं भावाला झापलं. सख्ख्या बहिणीला पत्रिका नाही, निरोप नाही, कोहमाऱ्याच्या चौकात फ्लेक्स पाहून भाचीचं लगन कळतं, हे काय शोभतं का? नवरदेव मात्र धष्टपुष्ट आहे, म्हणाली. गाडीपण चांगली आहे.

मला हे त्या पोरीनंच सांगितलं, माझ्या बाकावर बसून. आत्याची नक्कल करताना इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसलो. मी तर ही गोष्ट वाढवून वाढवून गावभर सांगितली. माझ्या तोंडी आत्यासोबत बँडवालेही उतरले होते.

गोष्ट मात्र माझ्याही पुढे धावली. आत्यासारख्या किती जणांनी ते फ्लेक्स तसंच वाचलं कोण जाणे. बापाला बाजारात विचारू लागले, जावई कोनत्या गावचा? लगन झालं नाही म्हटलं की लोक एकमेकांकडे पाहायचे. ते पाहणं जास्त वाईट.

त्यात तो कप्तान. भला पोरगा हो, माझ्या पाहण्यात त्याच्याइतका भला नाही. त्यानं सेठला जाऊन सांगितलं की माझ्यातलं अर्धं तिला द्या. सेठ कौतुकानं म्हणाले, लडका भोला है. तेव्हा त्याला एक शहाणपण सुचलं. एका सकाळी त्यानं ती लाल गाडी नेऊन तिच्या अंगणात उभी केली, किल्ली तुळशीजवळ ठेवली आणि चालत घरी गेला. गाडी दोघांची आहे, निदान तिला सरावाला जायला होईल, एवढंच त्याच्या डोक्यात.

फ्लेक्सवरची गाडी फ्लेक्सवरच्या पोरीच्या अंगणात. सूर्य वर यायच्या आत अख्खं नवेगाव पाहून गेलं. बापानं गाडी ढकलत ढकलत परत नेऊन दिली. चालवता येत नव्हती त्याला. परत आला आणि तिला फक्त एवढं म्हणाला, "आता नाही पोट्टे. आता माह्या हाती नाही."

मी त्या रात्री माझं पहिलं फ्लेक्स छापलं. ती पुढे, गाडी मागे, तेच. उरलेल्या कापडावर, छोटंसं. ती कॉलेजातून नाव काढायला आली तेव्हा तिला दिलं. तिनं उलगडून पाहिलं, चित्रातल्या स्वतःच्या पायांवरून बोट फिरवलं, आणि परत गुंडाळलं.

"कोठं लावू काका?" ती म्हणाली. "घरी लावलं तं बाबा काढते. रस्त्यावर लावलं तं सेठ काढते."

ते माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात अजून उभं आहे. कोणी विचारलं तर मी म्हणतो, खराब झालेला माल.

पंधरवड्यानं बाप आला. लग्नाचं फ्लेक्स हवं होतं. मुलगा देवरीकडचा, किराण्याचं दुकान, आत्यानंच जमवलेलं. मी म्हटलं, पोरीचा फोटो आणा. तो म्हणाला, "तुह्याजवळ हाय ना भाऊ. गाडीवरचा. त्याच्यात ओढनी हाय."

मी तो फोटो उघडला. आधी कप्तानाला काढला. मग गाडी काढली. तिथे किराणावाल्याला ठेवला. त्याची मान जरा वळवली, तिच्याकडे पाहतोय असं दिसावं म्हणून. ओढणीला हात लावावा लागला नाही. ती नवरीचीच होती. बाप शेजारी बसून पाहत होता. छान दिसते, म्हणाला. मग विचारलं, "भाऊ, हे पाय नाही दिसत का याच्यात?"

मी म्हटलं, लग्नाच्या फ्लेक्समध्ये कमरेपर्यंतच घेतात. तो बरं म्हणाला.

कप्तान अजून चौकाचौकात आहे. यंदा सेठनी दुसरी पोरगी बसवली त्याच्यामागे, नागपूरहून आणलेली, कसलाच खेळ न खेळणारी. तिला मात्र रीतसर मानधन आहे. मॉडेल आहे ना ती, बेटी नाही.

गेल्या महिन्यात फ्लेक्स पोचवायला देवरीकडे, चिचगडला गेलो होतो. बाजाराचा दिवस. ती दिसली. शोरूमवाल्यांनी दिलेली तीच साडी, मी स्टेजवर पाहिलेली. नवरा पुढे, हातात पिशव्या घेऊन ती मागे. मी हाक मारली. थांबली, हसली, काका कसे आहात म्हणाली. मी विचारलं, बाई, कशी आहेस?

मला वाटलं, आता म्हणेल. मी तर तिच्या पायांकडे पाहायलाही लागलो होतो. बोटांत जोडवी होती. चप्पल पायातच राहिली.

"बरी आहे," ती म्हणाली आणि नवरा पुढे गेला होता म्हणून चालू लागली.

मी तिथेच उभा राहून पाहत होतो. ऊन कलतं होतं. आजवर मी तुम्हाला पुष्कळ थापा मारल्या, ही तेवढी खरी माना. तिची सावली तिच्या टाचांना चिकटून चालली होती. बोटभरही मागे पडत नव्हती.