घेणाऱ्याचा अंगठा

साहेबांनी रजिस्टर उघडून यमुनाबाईच्या तोंडासमोर धरलं. "हा अंगठा कुणाचा? तुझाच ना? पैसे परत मिळाल्याचा आहे."

यमुनाबाई शिंदखेड्याकडची. तिने निरखून पाहिलं. "अंगठा मनाच शे, साहेब. पण पैसा माले भेटना नही."

व्हरांड्यात बसलेला त्यांचा पाहुणा हसला. "अंगठेबहाद्दरांना प्लॉट हवेत!"

प्लॉट नाही तर पैसे परत द्या म्हणायला आम्ही सतरा बायका पायरीखाली उभ्या. चपला आधीच काढून ठेवलेल्या. कुणी सांगितलंही नव्हतं.

नव्वद सालाच्या आधी आम्ही धुळ्याकडून सिल्वासात आलो. धाग्याच्या कारखान्यात पॅकिंगला लागलो. साहेब तिथले मॅनेजर, नाशिकचे. सगळीकडे गुजराती-हिंदी, हे मात्र मराठीत "ताई" म्हणायचे. तेवढ्यावर आम्ही विरघळलो. खानवेलच्या रस्त्याला प्लॉट देतो म्हणाले. दरमहा शंभर रुपये, तीन वर्षं. गोळा मी करायची, कारण मला लिहिता येत होतं. नाव, रक्कम, तारीख, सगळं माझ्या वहीत. साहेब पैसे घ्यायचे आणि रजिस्टर पुढे करायचे. "लावा." वरची ओळ कोरी. बायका अंगठा लावायच्या, मी सही करायची. त्या ओळीत त्यांनी मागाहून काय लिहिलं, ते आता कळलं.

पगाराला आमचा अंगठा, रेशनला आमचा अंगठा. पैसा दिसला की अंगठा आपण लावायचा, हे अंगात मुरलेलं. पण पगार आम्ही घेत होतो. इथे देत होतो. सही घेणाऱ्याची हवी. एवढं साधं मला, लिहिता येणारीला, तीन वर्षांत सुचलं नाही.

यमुनाबाईच्या नवऱ्याने आठ दिवस तिच्या हातचं खाल्लं नाही. ती मोरीत दगडावर अंगठा घासत बसायची, साल निघेपर्यंत. मी नळावर गेले की बोलणं थांबायचं. एकीने तोंडावर विचारलं, "तुला किती सुटले गं?" मी तेही वहीत लिहिलं. तारखेसह.

मग साहेबांनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. पाकीट सरकवलं. "तुझे पूर्ण आहेत. बाकीच्यांना समजाव. आणि इथे सही कर." पुन्हा कोऱ्या ओळीखाली.

छत्तीसशे रुपये. मला ते हवे होते, खोटं कशाला बोलू? तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं.

मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "आधी तुम्ही. सतरा जणींचे घेतल्याची सही."

"नोकरी जाईल तुझी."

"तेही लिहून द्या."

नोकरी गेली. लिहून दिलं नाही. आम्ही पोलिसात गेलो. रजिस्टरवरचे अंगठे पाहून त्यांनीही नकारार्थी मान हलवली.

पुढच्या पगाराला मी गेटबाहेर उभी होते. गेटालगतच्या पगाराच्या खिडकीशी रांग अडली होती. यमुनाबाईने अंगठा मुठीत धरलेला. "आधी वाची दाखाड. मंग पैसा हातवर. मंग अंगठा." मागून कुणी ढकललं नाही. सोळाही मुठी मिटलेल्या.

याला दोन वर्षं झाली. आता मी दुसऱ्या कारखान्यात आहे. दर पगाराच्या दिवशी साहेबांच्या व्हरांड्यात चढते. चपला घालून. कुणी पाहुणा असेल तर बरंच. वही उघडते, सतरा नावांपुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवते.

"करा सही."

ते दार लावून घेतात. मी पुढच्या महिन्याची तारीख लिहिते.