इथं पाणी कमी हाय

रोज दुपारी चार वाजता दामूकाका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे आणि मला नोकरी नाकारायचे. खाली लुंगीच असायची, पण वर शर्ट, नाकावर चष्मा आणि पडवीत समोरासमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. मी नेहमीसारखी कुंपणाच्या गडग्यावरून उडी मारून गेले की परत पाठवायचे. गेटातून यायचं, चप्पल काढायची, "आत येऊ का सर?" विचारायचं. मी सांगून थकले, "काका, इंटरव्ह्यू ऑनलाइन असतो हो, घरात बसूनच द्यायचा असतो." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "ऑनलाइन असला म्हणून काय झाला? माणूस दारातूनच येता ना?"

दामूकाका आमचे शेजारी. भाट्याच्या पुलाच्या अलीकडे, खाडीला लागून आमची दोन घरं, मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. काकांनी तीस वर्षं मच्छीमार बोटीवर तांडेल म्हणून काढली. बोट कुठं न्यायची, कधी परतायचं, कुठला खलाशी घ्यायचा, सगळं तांडेलाच्या शब्दावर. गुडघे गेले तेव्हा बोट पुतण्याकडं दिली आणि पडवीत बसून खाडीवर नजर ठेवायचं काम स्वतःकडं घेतलं. संगणकाबद्दल त्यांना एवढंच माहीत होतं की तो भिजता कामा नये.

आणि मी? रत्नागिरीतच संगणकाची पदवी घेतलेली, ज्युनिअर सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या दोन इंटरव्ह्यूंत सपशेल आपटलेली मुलगी. मामाने आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीत एक जागा बघून ठेवली होती, दिवसभर डब्यांच्या नोंदी करायच्या. आईने मला मुदत घातली होती, "गणपतीपर्यंत बघ. नाही जमलं तर मामाला हो म्हणून टाकू." आईचं चुकत नव्हतं. बाबा मुंबईत एका खोलीत दिवस काढत होते आणि मी घरात भिंतीशी इंग्रजी बोलत होते. पण चार वर्षं रात्रंदिवस जे शिकले ते सोडून डबे मोजायचे, या विचारानेच मला रडू फुटायचं.

भिंतीशी बोलतानाच काकांनी मला पकडलं. गडग्यापलीकडून हाक आली, "काय गो बाय, कुणाशी भांडतंस?" सगळं सांगितलं तेव्हा म्हणाले, "मग मला सांग की. तीस वर्षां खलाशी निवडलंय मी. माणूस कसा घेतात ता मला कळता."

मी वहीत प्रश्न आणि त्यांची उत्तरं मराठी अक्षरांत लिहून दिली. काका एकेक प्रश्न बोट ठेवून वाचायचे, "सांगा सायली मॅडम, अ‍ॅरे आणि लिंक्ड लिस्ट यांत फरक काय?" मुलाखतीत मी मॅडम, आणि तुम्ही. एरवी बाय. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?" हा प्रश्न मात्र त्यांना मुळीच पटला नाही. "पाच वर्षांचा कोण सांगणार? मला शनवारचा वारा आज सांगता येत नाय. खोडून टाक तो." मी म्हटलं, काका, प्रश्न मी नाही काढलेला. मग नाइलाजाने विचारायचे, आणि माझं उत्तर ऐकताना खाडीकडं बघत बसायचे.

सुरुवातीला मला ही सगळी करमणूकच वाटली. पण चौथ्या-पाचव्या दिवशी मी डेटाबेसच्या एका प्रश्नावर जोरात काहीतरी ठोकून दिलं आणि काकांनी हात वर केला. "थांब. इथं पाणी कमी हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला ह्या येत नाय."

खरंच येत नव्हतं. काकांना त्यातला एक शब्द कळत नव्हता, वहीतलं उत्तरही त्यांनी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, कसं ओळखलंत? "येता तेव्हा तू हळू बोलतंस. येत नाय तेव्हा घाई करतंस आणि अंगठी फिरवतंस." मी हातांकडं पाहिलं तर अंगठी फिरवतच होते मेली! त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या मागे लागलं. इथं पाणी कमी हाय. कधी हसून, कधी चहाचा घोट घेता घेता, कधी नुसतं बोट वर करून. काकी आतून म्हणायच्या, "अहो, पोरीला जरा पोहू द्या तरी!"

शेवटचा प्रश्न असायचा, "तुम्हाला आम्हाला काय विचारायचा हाय काय?" मी म्हणायचे, "नो सर, थँक यू." की लगेच निकाल, "नापास!" का? तर म्हणे, "ज्या बोटीवर जायचा तिच्याबद्दल जो काय विचारीत नाय, तो कामाला आलेला नसता, जेवायला आलेला असता. असा खलाशी मी कधी घेतला नाय." सगळी उत्तरं बरोबर आली तरी मी या एका प्रश्नावर रोज नापास.

एक दिवस माझा तोल गेला. तिसऱ्या इंटरव्ह्यूची तारीख आली होती, आठ दिवस उरले होते, आणि काका तासाभरात सहाव्यांदा म्हणाले, इथं पाणी कमी हाय. मी वही आपटली. "तुम्हाला काय कळतं हो यातलं? माहीत नाही, माहीत नाही म्हणत बसले तर नोकरी कोण देणार मला? सगळे ठोकूनच देतात!" बोलून गेले आणि जीभ चावली. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी चारला गेले तर काकांच्या अंगात शर्ट नव्हता, साधी बंडी होती. म्हटलं, संपलं, रुसले. पण म्हणाले, "चल." गुडघे धरत धरत मला पुलावर घेऊन गेले. ओहोटी लागली होती. खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं वाळूचा पिवळा पट्टा उघडा पडला होता.

"ती वाळू बघ. दर पावसाळ्यात हलते. गेल्या वर्षी बोट जिथनं बाहेर काढली, तिथं यंदा गुडघाभर पाणी असता. म्हणून हंगाम सुरू झाला की होडी घालायची, बांबू टाकून पाणी बघायचा, नायतर आदल्या दिवशी जो जाऊन आला त्याला विचारायचा. मोठ्यातला मोठा तांडेल विचारतो. त्यात लाज नाय."

मग कठड्याला टेकले आणि सांगू लागले.

"मी दोन वर्षां मुंबईत काढून आलो होतो. नवीन तांडेल, अंगात मस्ती. पहिल्याच दिवशी धक्क्यावरनं म्हातारे ओरडले, दाम्या, वाट म्हायत हाय काय? मी बोललो, हाय. म्हायत होती ती दोन वर्षांआधीची. बोट वाळूवर चढली, लाटेनं कलली. ढकलायला बाळ्यानं उडी मारली, माझा दोस्त तो, लहानपणापासनचा. त्याचा पाय बोटीखाली आला. आजपण लंगडतो." मग म्हणाले, "सगळ्यांना मी सांगितला, वाळू रातोरात हलली. कुणाला काय कळणार?"

मग त्या बाळूदादांना काय सांगितलंत? हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. पण काकांचा चेहरा बघून मी गप्प बसले. परत येताना पुलाच्या टोकाशी त्यांनीच विचारलं, "तुमच्या कामात पण हलते काय गो वाळू?" मी म्हटलं, "हलते काका. दर वर्षी नवी आवृत्ती येते, गेल्या वर्षीचं यंदा चालत नाही." त्यांना केवढा आनंद झाला! "मग तुमचा आमचा धंदा एकच की!"

इंटरव्ह्यू सकाळी अकराचा होता. दहापासून काका पांढरा शर्ट घालून आमच्या गेटाशी उभे. मासेवाली आली तर तिला दटावलं, "आज वरडू नको, पोरीचा विंटरव्ह्यू हाय." एक रिक्षा हॉर्न देत आली तिलाही बोलणी बसली. आत मी स्क्रीनसमोर बसले. अर्धा तास बरा गेला आणि मग समोरच्या बाईंनी विचारलं, आम्ही वापरतो त्या फ्रेमवर्कच्या नव्या आवृत्तीवर काम केलंय का? हो म्हणायला तोंड उघडलं. बोट अंगठीवर गेलं, आणि खिडकीतून गेटाशी उभा असलेला तो पांढरा शर्ट दिसला.

मी म्हटलं, "नाही. मला जुनी येते. नवीनमध्ये काय बदललं ते माहीत नाही. पण मी आधी बदलांची यादी वाचेन, मग एक लहानसा प्रोग्राम लिहून बघेन, आणि अडले तर ज्याने केलंय त्याला विचारेन." बाई म्हणाल्या, "बरं, मग आत्ताच वाचा. स्क्रीन दाखवा." पुढची वीस मिनिटं मी त्यांच्यासमोर पाणी मोजत मोजत गेले. चुकले, मागे आले, पुन्हा गेले. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय? मी म्हटलं, "तुमच्याकडे नवीन माणसाला काही माहीत नसलं, तर तो कुणाला विचारतो?" त्या हसल्या. "मला," म्हणाल्या.

आठ दिवसांनी दुपारी नेमणुकीचं पत्र आलं. मी गडग्यावरून उडी मारून गेले आणि काकांनी परत पाठवलं नाही. मोबाइल लांब धरून नुसतं माझं नाव तीनदा वाचलं. काकी डोळे पुसत साखर आणायला आत गेल्या. चार वाजता बघते तर काका शर्ट घालून गेटाबाहेर निघालेले. म्हटलं, बंदरावर मिरवायला चालले असतील. मीही माझ्याच आनंदात होते.

नोकरी पुण्याला होती. मला सोडायला काका एसटी स्टँडपर्यंत आले. दुखऱ्या गुडघ्यांनी, मी नको नको म्हणत असताना. सुरुवातीला दर रविवारी फोन व्हायचा. "काय गो, हलली काय वाळू?" मी आठवड्यात काय नवीन आलं ते सांगायचे, ते हूं हूं करायचे. मग कामं वाढली. रविवार कधी राहून जायचा, कधी दोन. पुढच्या गणपतीत आले तेव्हा काका खूपच वाळले होते. निघताना पाया पडायला गेले, खांद्यावर बॅग, बाहेर रिक्षा उभी. त्यांनी मुलाखतीतला तो आवाज काढला, "सायली मॅडम, तुम्हाला आम्हाला काय विचारायचा हाय काय?"

"नाही हो काका, बस चुकेल."

"नापास," ते म्हणाले, आणि हसले.

पौषात काका गेले. रजा मिळून पोचायला मला दोन दिवस लागले. पडवीत त्या दोन खुर्च्या तशाच होत्या आणि एकीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, डावा पाय लांब सोडून. तुम्ही कोण, असं मी विचारायच्या आधीच म्हणाले, "तू ती विंटरव्ह्यूवाली ना गो? मी बाळ्या."

मी समोरच्या खुर्चीवर बसले. मग तेच बोलू लागले.

"तुझा कागद आला ना, त्या दिवशी दाम्या माझ्याकडं आला. पांढरा शर्ट घालून. मी बोललो, कुणाचा लगीन रे? तर चप्पल काढून दारातच उभा. बोलला, आत येऊ काय? लहानपणापासनची दोस्ती, आणि हा मला विचारतो आत येऊ काय! मग तिथनंच बोलला, बाळ्या, त्या दिवशी मला वाट म्हायत नव्हती."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय बोलणार? मला म्हायत होता ता. पहिल्यापासनं. मी बोललो, ये, बस." त्यांनी पायावरून हात फिरवला. "माझा पाय गेल्यापासनं दाम्या दर हंगामाला मासळी घेऊन यायचा, पण दारातनंच देऊन जायचा. माझ्या घरात कधी बसला नाय. त्या दिवशी बसला."

इतक्या मोठ्या परीक्षेला काका एकटेच गेले, मला कळूसुद्धा दिलं नाही. मीच एकदा विचारलं असतं, कुठं चाललात काका, शर्ट घालून? तर मी त्यांच्याबरोबर बाळूदादांच्या गेटापर्यंत गेले असते.